पेट्यांना बुचाची बंडी

आमच्या मोन्ते रुइवो गावात हट्टी माणसांची कधीच वाण नव्हती, पण देओदातोइतका हट्टी मी दुसरा पाहिला नाही. त्याचा बाप बुचाच्या झाडांची साल काढायचा, आजाही तेच करायचा, म्हणून हाही तेच करायचा. आणि बापाने मधमाश्या बुचाच्या नळ्यात पाळल्या म्हणून ह्यानेही नळ्यातच पाळल्या. कुणी म्हणालं, "देओदातो, जग बदललं," तर तो म्हणायचा, "बदलू दे. मी कुठे त्याच्या आड आलो?"

मी इथे दुकान चालवते. पुढे साबण-साखर, मागे चार टेबलं, कॉफीचं यंत्र आणि आमच्या डोंगरातल्या मेद्रोन्योच्या फळांची दारू. गावातला एकुलता एक फोन बरीच वर्षं माझ्याच भिंतीवर होता. तेव्हा मला सगळं कळतं, आणि कळल्यावर गप्प बसायचा माझा स्वभाव नाही. देओदातोची बायको इदालिना माझी लहानपणापासूनची मैत्रीण. त्यांच्या मुलीची, नतेर्सियाची, मी धर्ममाता. म्हणजे ह्या घरात नाक खुपसायचा मला देवाघरचा परवाना आहे.

नळा म्हणजे काय, तर कोवळ्या झाडाची पहिली जाडजूड, खडबडीत साल. एकच उभा छेद देऊन ती अख्खी उतरवायची, लहान मुलाच्या अंगातून सदरा काढावा तशी. मग छेदाच्या कडा पुन्हा जुळवून एस्तेवा झुडपाच्या चिवट लाकडाच्या खुंट्या ठोकायच्या. आत दोन काठ्या आडव्या घालायच्या, वर बुचाचंच झाकण आणि त्यावर दगड. फटींना शेणमाती लिंपायची. एवढं केलं की झालं माश्यांचं घर. बाहेर ऊन रणरणत असो की डिसेंबरचा पाऊस आडवा येत असो, आतल्या पोळ्याला त्याची खबरही लागत नाही. देओदातोचे नळे तर अंगणात मांडून ठेवावेत इतके देखणे. त्याच्या हातून साल कधी तडकली नाही. कुऱ्हाड मारताना तो आवाज ऐकायचा, आणि पातं आतल्या पातळ सालीला लागायच्या आधीच हात थांबायचा. ती आतली साल दुखावली की झाड कायमचं खंगतं. त्याने एकही झाड खंगवलं नाही, हे त्याचे वैरीसुद्धा कबूल करतात.

पण नळ्याच्या आत काय चाललंय ते कळायला मार्ग नाही. वर्षातून एकदा वरचं झाकण काढायचं, लांब दांड्याच्या सुरीने मधाची पोळी कापून घ्यायची, आणि खाली देवावर सोडून द्यायचं. इदालिनाला ते पटायचं नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून तिचा एकच धोशा होता, "पण आत काय करतात त्या?" देओदातो म्हणायचा, "मध करतात. आणखी काय करतील, पत्ते खेळतील?"

मग ती खाली मधपाळांच्या सहकारी संस्थेच्या वर्गाला गेली आणि पाइनच्या फळ्यांची एक पेटी घेऊन आली. पेटीत लाकडी चौकटी टांगलेल्या असतात आणि माश्या त्या चौकटीत पोळं बांधतात. एकेक चौकट उचलून बघता येते. मध काढून पोळं परत देता येतं. देओदातोने पेटीभोवती एक फेरी मारली, फळीवर टिचकी मारली आणि म्हणाला, "शवपेटी छान झालीय. मेलं कोण?" आणि आपल्या नळ्यांच्या जवळ तिला पेटी ठेवू दिली नाही. म्हणून तिने ती ओढ्यापलीकडच्या उघड्या बोडक्या उतारावर नेली. तिथे एक झाड नाही. होती ती मागच्या वणव्यात गेली. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या वीस झाल्या, पण ओढा काही कुणी ओलांडला नाही. एका घरात राहून, एका ताटातली भाकरी मोडून, हा अलीकडे आणि ती पलीकडे.

त्यानंतर ती तांबडी गोचीड आली. टाचणीच्या डोक्याएवढी, पण माश्यांच्या पिल्लांचं रक्त पिऊन अख्खं मोहोळ संपवते. इदालिनाने चौकटी काढून बघितलं, औषधाच्या पट्ट्या लावल्या, काही पेट्या गेल्या, बहुतेक वाचल्या. देओदातोला बघताच येईना. दोन हिवाळ्यांत त्याचे सगळे नळे गप्प झाले. चाळीसएक नळे दगडी बांधावर तसेच उभे होते, प्रत्येकावर बापाने डागलेली खूण. दर फेब्रुवारीत तो ते आतून रोजमेरीने घासायचा, थोडा मध चोपडायचा आणि वाट बघायचा, की उडतं मोहोळ येईल आणि बसेल. कधीमधी एखादं यायचं. वर्षभरात तेही मरायचं. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी वेडा म्हणून सोडून दिलं असतं. त्याला रिकामे नळे घासताना बघून मात्र मी वाट बदलून जायचे.

आमच्याकडे ऑगस्ट म्हणजे भर उन्हाळा, पण ज्या ऑगस्टची गोष्ट सांगायची, तो फार वाईट होता. पूर्वेकडून सुआंव वारा सुटला. हा वारा भट्टीचं दार उघडल्यासारखा येतो आणि तीन-चार दिवस हलत नाही. कोंबड्या पंख पसरून पडल्या, माझ्या दुकानातली मेणबत्त्यांची पेटी एकजीव झाली. तिसऱ्या दिवशी इदालिना ओढ्यापलीकडे गेली आणि तिला पेट्यांखालून मध वाहताना दिसला. आतली पोळी मऊ होऊन चौकटीतून निखळली होती, एकावर एक कोसळली होती. राणी, पिल्लं, मध सगळं लगद्यात. निम्म्याहून जास्त पेट्या गेल्या. मी पोचले तेव्हा ती मधाने माखलेल्या मातीत बसली होती आणि चिकटलेल्या माश्या एकेक करून बोटाने सुट्या करत होती. रडत नव्हती. रडली असती तर बरं वाटलं असतं.

पुढच्या रविवारी माझ्या दुकानात, चार माणसांदेखत, ती देओदातोला म्हणाली, "ऐक. फुटलेली मोहोळं जोडून, नव्या राण्या करून, मी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पेट्या पुन्हा भरते. पण येत्या ऑगस्टमध्ये पोळी पुन्हा वितळली तर मी नतेर्सियाकडे शहरात, बारेइरोला जाणार. राहायला. तू राहा तुझ्या नळ्यांजवळ."

"आणि मी?" देओदातो म्हणाला.

"तुला विचारलंय कुणी? तू यायचा नाहीस हे मला माहीत आहे."

"घरदार सोडून तिथे चौथ्या मजल्यावर काय करशील?"

"इथे काय करते? माझ्या हातचं म्हणून ह्या डोंगरात एवढं एकच आहे. तेही दर वर्षी मातीत जाणार असेल तर मी कशाला राहू? तुझी चूल फुंकायला?"

चौघांनी आपापल्या पेल्यात बघितलं. देओदातोने कॉफी संपवली, कप बशीत ठेवला आणि निघून गेला. इदालिना काही बोलली की ते करते, हे गावाला ठाऊक होतं. त्यालाही.

मी त्याला दुसऱ्या दिवशी गाठलं. "अरे, नुसतं म्हण ना तिला, जाऊ नकोस म्हणून!"

"म्हटल्याने कुणी राहतं का?" तो म्हणाला. "झाडाला म्हणतो का मी, साल सोड म्हणून? सोडायची असेल तर सोडतं."

ह्या माणसाला कुऱ्हाडीच्या दांड्याने मारावं असं मला फार वेळा वाटलंय. तेव्हा सगळ्यात जास्त वाटलं.

आता पेटी नको, नळा नको, दोन्हींचं चांगलं तेवढं एकत्र हवं, हे एव्हाना दोघांनाही कळलं होतं. पेटीत उघडझाप आहे पण उन्हापावसाला अंग उघडं. नळ्यात ऊब आहे, गारवा आहे, पण आत डोकावता येत नाही. दोन्ही जोडलं की झालं. पण जोडायचं कसं, ह्यावर दोघांचं जमेल तर ते देओदातो-इदालिना कसले! त्याने आपलं वेगळं सुरू केलं, तिने वेगळं.

इदालिनाने शरद ऋतूतच अंगणात पडलेले बुचाचे तुकडे गोळा केले आणि एका पेटीला बाहेरून घट्ट ठोकून टाकले. दिसायला पेटी गोधडी पांघरून बसल्यासारखी झाली. हिवाळाभर ती खूश होती. फेब्रुवारीत तुकडा उचकटून बघितला तर फळी काळी पडलेली, बुरशी आलेली, आणि बुचात मुंग्यांनी गल्ल्याबोळ खणलेले. संस्थेचा वाल्देमार गोचिडीच्या पट्ट्या द्यायला आला होता. तरुण मुलगा, शेतीचा इंजिनियर, पण शिष्टपणा नाही. त्याने फळीला नाक लावून वास घेतला.

"मावशी, बूच चांगलंच आहे. पण तुम्ही ओला सदरा अंगाला चिकटवून ठेवलात. लाकूड आणि बूच ह्यांच्यामध्ये बोटभर जागा सोडा. वर झाकणाखालून हवा निघायला वाट ठेवा. आणि पेटीचे पाय जळक्या तेलाच्या डब्यात उभे करा, म्हणजे मुंग्या चढणार नाहीत."

इदालिनाने ते घरी सांगितलं. देओदातो म्हणाला, "लाकडाला सदरा, माश्यांना बूट. उद्या टोपी घालायला सांगेल."

त्याची स्वतःची अक्कल वसंतात दिसली. त्याचं म्हणणं, पेटी हवीच कशाला? चौकटी नळ्यात टांगा! नळा गोल, म्हणून त्याने वेताच्या गोल चौकटी वळल्या, वर लाकडी कडं बसवलं, आणि एक उडतं मोहोळ आलं ते त्यात घातलं. काम इतकं सुबक होतं की वाल्देमारसुद्धा म्हणाला, "मामा, हे संस्थेत ठेवायला द्या." देओदातो आठवडाभर दिवसातून दोन वेळा दुकानात यायला लागला, जो एरवी एकदा यायचा. मेच्या शेवटी त्याने आम्हा सगळ्यांना बोलावून पहिली चौकट उचलली. चौकट आली, पोळं आलं नाही. माश्यांनी पोळी चौकटीच्या बाहेर थेट बुचाच्या भिंतीला चिकटवली होती, एकीतून दुसरीत, जाळ्यासारखी. ओढलं तसं सगळं फाटलं, आणि मध त्याच्या विजारीवर. मग जे झालं त्यात देओदातो ओढ्याकडे किती जोरात पळू शकतो हे गावाला पहिल्यांदा कळलं. मी हसले, खोटं कशाला बोलू. इदालिना हसली नाही. तिने फाटलेली पोळी दोऱ्याने साध्या चौकटीत बांधली, मोहोळ पेटीत घेतलं आणि रिकामा नळा त्याच्या हातात परत दिला.

"तुझे नळे हट्टी आहेत," एवढंच म्हणाली.

जून लागला. मार्चपासून थेंब पडला नव्हता. देओदातो सुजलेल्या कानाने आणि खाली मानेने वाल्देमारचं ऐकायला तयार झाला: पेटी आत, बूच बाहेर, मध्ये बोटभर हवा. ताजं बूच लागणार होतं. तो कुऱ्हाड घेऊन गेला. संध्याकाळी परत आला तो रिकाम्या हाताने. दुसऱ्या दिवशी वरच्या रानात गेला, तिसऱ्या दिवशी आणखी वर. कोरड्या वर्षी झाड साल सोडत नाही. रसच चढत नाही, मग साल आतल्या सालीला धरून बसते. जबरदस्ती केली की झाड मेलं. गेल्या वर्षी काढलेलं बूच व्यापाऱ्याच्या लॉरीतून केव्हाच डोंगर उतरलं होतं.

"एखाद्या झाडाचं थोडं नुकसान झालं तर काय?" मी विचारलं. मला इदालिना जाणार ह्या भीतीने झोप लागत नव्हती.

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी बटाटे तोलायला लागले.

त्याच आठवड्यात तो सकाळी दुकानात आला आणि म्हणाला, "किटेरिया, तुझा दारूचा हंडा दे."

"अरे, मेद्रोन्यो पिकायला अजून वेळ आहे. आत्ता कसली दारू?"

"उकळतं पाणी पाहिजे. पुष्कळ."

तांब्याचा हंडा एकट्याने उचलणं शक्य नाही, आणि असतं तरी मी त्याला एकटं सोडलं नसतं. खेचरावर लादून आम्ही त्याच्या अंगणात नेला. तिथे सगळे नळे आडवे रचून ठेवले होते, सरपण रचतात तसे. त्याने पहिल्या नळ्याच्या खुंट्या एकेक करून काढल्या. त्या बापाने ठोकलेल्या, पन्नास वर्षांत काळ्या झालेल्या. उभा छेद उघडला, नळा हंड्यात घातला, मऊ झाल्यावर बाहेर काढून जमिनीवर पसरला आणि त्यावर दगड ठेवले. तेवढ्यात इदालिना स्वयंपाकघरातून हात पुसत आली.

"हे काय करतोस?"

"दिसत नाही?"

"देओदातो, हे तुझ्या बापाचे."

"बाप मेला," तो म्हणाला. "माश्या जिवंत आहेत."

तिने रचलेल्या नळ्यांवरून हात फिरवला. मग म्हणाली, "किती कापणार आहेस?"

"पेट्या किती?"

"वीस."

"एका पेटीला दोन लागतील. म्हणजे सगळेच."

तिने एप्रन कमरेला गच्च बांधला आणि हंड्याखाली लाकडं सारली. ती दोघं एका कामावर वाकलेली मी तीस वर्षांत बघितली नव्हती. आणि म्हणून काही सगळं गोडीगुलाबीत झालं असं नाही. पहिलं बूच पेटीच्या कोपऱ्यावर वळवताना तडकलं. देओदातोच्या हातून तडकलेलं ते पहिलंच. त्याने ते पायाखाली तुडवलं आणि सगळ्या संतांची नावं घेतली. दुसऱ्याला इदालिनाने ओलं गोणपाट धरलं, मग ते वळलं.

"बोटभर जागा सोड," ती म्हणाली.

"कुणाचं बोट? तुझं की माझं?"

"इंजिनियरचं!"

"तो बिचारा पेन धरतो. त्याचं बोट म्हणजे काडी." पण त्याने मध्ये एस्तेवाच्या काड्या ठोकल्या, आणि त्या आपल्या अंगठ्याइतक्या जाड घेतल्या. वर बुचाचं झाकण, त्यावर आमच्या डोंगरातली पाटीच्या दगडाची पातळ फरशी, मागे थोडी कलती, म्हणजे पावसाचं पाणी माश्यांच्या दारात पडणार नाही. पाय तेलाच्या डब्यात. तो मागे सरून कौतुकाने बघायला लागला. खरंच, पेटी बंडी घालून बसलेल्या म्हाताऱ्यासारखी दिसत होती.

इदालिनाने चारही बाजूंनी फिरून बघितलं. "आणि मी ही उघडायची कशी?"

"म्हणजे?"

"चौकट बघायची झाली तर? दर वेळी तुझ्या खुंट्या उपटू? देओदातो, तू पुन्हा नळाच केलास. फक्त आत माझी पेटी कोंडलीस."

मी हातातली बादली खाली ठेवली. मला वाटलं, आता कुऱ्हाड उडते आणि संपतं सगळं. तो लाल झाला. मग गोठ्यात गेला. खेचराचा जुना साज घेऊन आला, चामड्याचे पट्टे कापले, बक्कलं सोडवली. बुचाचे दोन अर्धे एका कडेला चामड्याच्या बिजागरीने जोडले, दुसऱ्या कडेला बक्कल लावलं. पट्टा सोडला की बंडी कपाटासारखी उघडते, आवळला की बंद. इदालिनाने तीन वेळा उघडून-मिटून बघितलं.

"बक्कल जरा खाली घे," ती म्हणाली. "मला वाकायला लागू नये, पण हात वरही करायला लागू नये. खांदा दुखतो."

"खांदा दुखतो हे कधी सांगितलंस?"

"तू कधी ओढ्यापलीकडे आलास?"

त्याने बक्कल खाली घेतलं, आणि जुलै संपेपर्यंत ओढ्यापलीकडच्या वीसही पेट्यांना तशाच बंड्या चढल्या.

ऑगस्ट आला. आधी रोजच्यासारखा, मग सुआंव. ह्या वेळी वारा मागच्यापेक्षा उलट जास्त होता. लांब डोंगरामागे धूर दिसत होता आणि दुकानात माणसं दाराकडे तोंड करून बसत होती. नतेर्सियाचा फोन आला. "मावशी, काय परिस्थिती?" मी म्हटलं, "अजून कळत नाही, बाळे." पहिला दिवस गेला, दुसरा गेला. वारा चालू असताना पेटी उघडायची नाही, आतला गारवा जातो, एवढ्यावर दोघांचंही एकमत होतं. तेव्हा फक्त बाहेरून कान लावायचा. देओदातो रोज ओढा ओलांडून जायचा आणि बंडीला कान लावून उभा राहायचा. काय ऐकू येतं विचारलं तर म्हणायचा, "पंख." माश्या आतून पंखांनी वारा घालत होत्या. त्याचं तोंड इतकं उतरलं होतं की गंमत करायची माझीसुद्धा हिंमत झाली नाही. तिच्याकडे बघायचंच तो टाळायचा.

चौथ्या दिवशी पहाटे वारा पडला. आम्ही तिघं गेलो. पेट्यांखाली माती कोरडी होती. तरी इदालिना म्हणाली, "खाली वाहिलं नाही म्हणजे आत पडलं नाही असं नाही," आणि माश्या शांत करायला हातातलं धुराडं पेटवलं. देओदातोने पट्टा सोडला, बंडी उघडली. फरशी काढली, झाकण काढलं. इदालिनाने मधली चौकट दोन बोटांनी सैल केली आणि वर उचलली.

पोळं सरळ होतं. वरच्या काठाला मध, खाली पिल्लं, सगळं जिथल्या तिथे, सुतात. तिने दुसरी काढली, तिसरी काढली. एकही निखळलं नव्हतं. मी क्रूसाची खूण केली आणि मोठ्याने रडले, कारण त्या दोघांपैकी कुणी रडेल असं दिसत नव्हतं.

मग तिने चौथी चौकट काढली आणि देओदातोसमोर धरली. "धर."

"मी?"

"दोन्ही हातांनी. चौकटीच्या कानांना धर. घाबरू नकोस, मागच्या वेळेसारखं नाही."

त्याने धरली. साठ वर्षं माश्यांमध्ये काढलेला माणूस, आणि जिवंत पोळं हातात धरायची त्याची पहिली वेळ. आजवर त्याने वरून सुरीने कापलेलंच पाहिलं होतं. चौकटीवर माश्या आपल्या कामात होत्या, त्याची त्यांना पर्वा नव्हती. इदालिनाने बोट दाखवलं. पोळ्यातल्या एका इवल्या घराचं मेणाचं टोपण आतून कुरतडलं जात होतं. आधी भोक पडलं, मग त्यातून दोन मिशा बाहेर आल्या, मग पांढुरक्या केसांचं ओलं डोकं. थोडं बाहेर येऊन ते थांबलं. शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या माशीने त्याला चाटलं. मग पुन्हा जोर लावून ती अख्खी बाहेर आली आणि धडपडत पोळ्यावर चालायला लागली.

"हे काय?" तो हळूच म्हणाला.

"जन्मली."

"अशा जन्मतात?"

"रोज."

तो बघतच राहिला. त्याच्या नाकावर माशी बसली तरी त्याला कळलं नाही. "आणि मी दर वर्षी वरून सुरी घालत होतो," तो म्हणाला. "ह्यांच्या डोक्यावरून."

"तुला कुठे माहीत होतं?"

"तू तर बोलावत होतीस. ये बघायला, ये बघायला. मला वाटायचं, नळा कसा वाईट ते दाखवायला बोलावतेस."

"गाढवा," इदालिना म्हणाली, आणि आता तिचा आवाज फुटला. "हे एकटीने बघवत नाही म्हणून बोलावत होते. तीस वर्षं मी हे बघून घरी यायचे, आणि सांगायला कुणी नसायचं."

देओदातोने मान वर केली नाही. तो चौकटीकडेच बघत होता, पण त्याच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं आणि चौकट दोन्ही हातांत असल्यामुळे त्याला ते पुसता येत नव्हतं. तसाच तो म्हणाला, "मग बारेइरोला कधी निघतेस?"

"चौकट उन्हात धरू नकोस, पिल्लं भाजतील," ती म्हणाली. "आत ठेव, हळू. बंडी लाव आणि पुढच्या पेटीचा पट्टा सोड. अजून एकोणीस आहेत, आणि मी काही सगळ्या एकटी बघायची नाही."